चौथी लाइन

विल्मिंग्टन पाइकवरच्या दुकानात
ब्रेडन नावाच्या पोरग्यानं विचारलं,
घरात माणसं किती?
बाहेर काळवंडलेला बर्फ,
आत भिंतभर हसणारी कुटुंबं:
आई, बाप, दोन मुलं, कुत्रा, पाच फोन.

आम्ही तिघं.
मी चिपळूणची, चिदंबर हुबळीचा, इफेओमा एनुगूची.
रक्ताचं काही नाही, फ्रीज एक.
तीन लाइनींना महिना शंभर डॉलर
आणि चार लाइनींनाही शंभरच.
चौथी फुकट!
फुकट म्हटल्यावर सोडायचं कसं?
मग खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीलाच धरलं.
व्हर्ना. वय एकाहत्तर, घडीचा फोन,
कुठल्याशा जुन्या करारापायी एकटीच चाळीस भरत होती,
का, ते तिलाही सांगता आलं नाही.

खातं माझ्या नावावर. म्हणजे कर्ती मी.
आमच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून काकांचं नाव होतं,
वारल्यानंतरही सहा वर्षं ते साखर उचलत राहिले.
इथं माझं नाव,
आणि खाली तीन नंबर.
नात्याचा रकानाच नव्हता.

तीन तारखेला माणशी पंचवीस.
इफेओमाचे सकाळीच यायचे,
चिदंबरचे दोनदा आठवण केल्यावर,
व्हर्नाचे पाकिटातून, वर झुकिनीच्या ब्रेडचा तुकडा.

मग इफेओमा टूसॉनला गेली.
तिथूनही सहा महिने येत राहिले पंचवीस,
सोबत एकच शब्द: फोन.
मी उलट एक अंगठा पाठवायची.
तेवढंच उरलं होतं, पण वेळेवर होतं.
नंतर तिला तिकडे काहीतरी स्वस्त मिळालं.
चिदंबरचं लग्न झालं, तो बायकोच्या प्लॅनवर गेला.
आमच्याकडे याला सासरी जाणं म्हणतात, मी म्हटलं.
हसला, आणि नंबर घेऊन गेला.

उरलो दोघी. दोघींना ऐंशी.

एका रविवारी वही घेऊन बसले.
कामावर वायफाय, घरी वायफाय,
मध्ये फक्त सात नंबरची बस.
अमर्याद डेटा घेऊन मी करू काय?
माझं तर सगळंच मर्यादेत, व्हिसासुद्धा.
व्हर्नाचा अख्खा महिना अकरा मिनिटांचा:
सहा औषधाच्या दुकानाला,
पाच मला, खालून वर,
पार्सल आलंय,
तुझा जिन्यातला दिवा चालूच आहे.

कराराविना, प्रीपेड, माणशी दहा डॉलर, असंही मिळतं.
मनोरे मोठ्या कंपनीचेच, भाड्यानं घेतलेले.
ब्रेडननंच हळू आवाजात सांगितलं,
त्याचा स्वतःचा फोनही त्यावरच होता.

सात दिवसांचं चाचणीचं सिम.
तिन्हीसांजेला दिवा फिरवावा
तशी फोन धरून घरभर हिंडले.
ओट्यापाशी चार कांड्या. जिन्यात दोन.
तळघरात, वॉशिंग मशीनजवळ, एकही नाही.

तिथंच तर उतरते व्हर्ना दर मंगळवारी.
तेरा पायऱ्या, कमरेला टोपली,
गुडघे दोन, त्यातला बदललेला एकच.

दुसरी कंपनी पंधरा म्हणाली.
तळघरात एक कांडी.
एक पुरे.

तिची अट एवढीच, की नंबर तोच राहिला पाहिजे.
मांजराच्या पट्ट्यावर कोरलाय ना.
मांजर जाऊन चार वर्षं झाली,
पट्टा किल्ल्यांच्या खुंटीला लटकतोय.
मी वाद घातला नाही.
दीड तास फोनवर तेच तेच संगीत ऐकून
नंबर इकडे आणला.

तिला दहाच सांगितलेत.
वरचे पाच वहीत
कुठल्या खात्यावर टाकावेत कळेना.
‘फोन’ लिहिलं, खोडलं.
मग ‘किराणा’ लिहिलं,
आणि ब्रेडचा तुकडा मोडून
तव्यावर टाकला गरम व्हायला.