उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात

प्रत्येक बोर्डाखाली मी लिहितो: लिंगू आर्ट, नारगुडा.
जिल्हा लिहीत नाही. राज्य तर नाहीच.
लिहिलं तर सहा महिन्यांनी मलाच खोडावं लागतं,
आणि स्वतःचं खोडायचे पैसे कोण देतो?

आमचा रस्ता म्हणे हद्द आहे.
म्हणजे यादव कांबळ्याचं कृषी केंद्र इकडे,
समोर राजमल्लूचं हॉटेल तिकडे,
आणि मधे झोपलेलं कुत्रं
सावली सरकेल तसं राज्य बदलतं.
खाटेवर कूस वळवली की मोबाईल टिंग करतो,
आपले स्वागत आहे.
कुठे, ते मी आता वाचत नाही.

एरवी सगळं चालतं बरं का.
गोमतीबाईच्या चक्कीत ज्वारी पडते,
ती गोंडाघरची की तांड्यावरची, पीठ विचारत नाही.
उधारीची वही मराठीत, शिव्या तेलुगूत,
घासाघीस नुसती बोटांनी.
शनिवारी पलीकडची मिरची
अलीकडच्या तेलात पडते
आणि ठसका दोन्हीकडे सारखाच लागतो.

मग दूर कुठे, पंख्याखाली, कोणी माईक धरतो.
एक इंचही देणार नाही.
तिकडचाही धरतो. तोच इंच.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बांबू आडवा.
यादवच्या खताच्या बावीस बॅगा
लायसन कोणत्या सरकारचं, या प्रश्नावर
तीन रात्री उघड्यावर. दवानं युरियाचा दगड झाला.
गोमतीबाईची चक्की मुकी;
लाईन पलीकडून यायची, पलीकडेच राहिली.
आणि राजमल्लूचा तो पैशांचा डबा,
स्कॅन केलं की आतली बाई बोलते, "इरवै रूपायलु",
तिच्यावरून पोट्टे चढून आले:
"हिले मराठीत बोलाव, नाही तं फोडून टाकतो."
चार दिवसांनी दुसरे आले. दम तोच, भाषा उलटी.
त्यानं बाईला फडक्यात गुंडाळून
बेसनाच्या पिंपात ठेवलं.
आता पैसे आले का, हे बघायला
तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो.

चालतो तो फक्त माझा धंदा.
या महिन्यात मराठी करून दे, पुढच्यात तेलुगू.
सत्तर रुपये फूट.
मराठीला डोक्यावर सरळ रेघ,
तेलुगूला पोटात वळणं,
रंग सारखाच जातो. डबा एक, ब्रश एक.
मागच्या तंट्यात मी घरावर पत्रे टाकले.
पहिल्या रात्री त्यांच्याखाली पडल्या पडल्या
जंगूबाई म्हणाली,
"हे कोणाच्या बंद दुकानाचे हायेत?"
मी दिवा मालवला.

चैतात ऊन तापलं की रंग पापुद्रे धरतो.
किराणाच्या ‘रा’खालून
गोल अक्षरं वर येतात, त्यांच्याखालून पुन्हा जुना ‘रा’.
लोक थांबून वाचतात, हसतात,
आणि आत जाऊन पावशेर गूळ मागतात.

परवा राजमल्लू कोरा पत्रा घेऊन आला.
"लिंगू, अक्षर नको. किटली काढ."
काढली. काळी, बुडाला पोचा आलेली, त्याचीच.
"वाफ काढू?"
"काढ."
"कोणत्या बाजूला वळवू?"
तो रस्त्याकडे पाहत राहिला.
मग म्हणाला, "सरळ वर जाऊ दे."

सरळ वर जाणारी वाफ काढणं फार कठीण.
तीनदा पुसली. धूर दिसायला लागला, जळतंय असं.
चौथ्यांदा जमली, थोडी.

उजव्या कोपऱ्यात ब्रश टेकवला
आणि तसाच उचलला. सहीलाही लिपी लागते.
पैसे अजून यायचेत.
रोज एक चहा कापून घेतो, बिनसाखरेचा,
सोळा झाले.