चाळीसवरून बारा

एझिल्दा आली तेव्हा माझ्या टेबलावर
एक मिक्सर पोट उघडं टाकून पडला होता.
तिनं गोणपाटातून काढला काचेचा गोळा,
हिरवट, एका बाजूला जरा कललेला.
आजोबांचा फेणीचा गराफांव वितळवून
तिनं स्वतः फुंकलेला.
आत एक बुडबुडा अडकला होता.
'चुकलंय?' मी विचारलं.
'नाही. तेव्हा मला खोकला आला.'

असे एकतीस गोळे.
ह्यांना कळलं पाहिजे, ती म्हणाली,
कुणी हात लावलाय ते.

डिचोलीच्या बाजारात सव्वीस वर्षं
मी एवढंच करत आलोय:
बंद पडलेलं चालू.
जे कधी चालूच नव्हतं
त्याचा माझ्याकडे दर नव्हता.

तरी बसलो.
तांब्याची पट्टी, केसासारखी तार,
नखाएवढी चिप, तांदळाएवढे दिवे.
हात जवळ आला की काचेमागची वीज
किंचित हलते, नि हललेलं मोजता येतं.
मग कुणीतरी ठरवावं लागतं
कितीच्या पुढे स्पर्श म्हणायचं.
मी चाळीस लिहिले.
चाळीसच्या खाली वारा, पाल, माशी.
वर माणूस.

प्रदर्शन पणजीला,
नदीकाठच्या मिठाच्या जुन्या गोदामात.
मुलांनी दोन्ही तळवे टेकवले.
एका म्हाताऱ्या भाटकारानं आधी काठी लावली;
काठीला उत्तर नाही,
मग नाइलाजानं बोट.
गोळे आतून उजळत,
आधी कोकमाच्या सारासारखे, मग हळदीचे,
मग हात निघाला तरी थोडा वेळ तसेच.

तिसऱ्या दिवशी, दारं लावायच्या वेळी,
केर काढणारी चंद्रावती गावस
झाडू भिंतीला टेकवून आली.
पदराला हात पुसले. बोट ठेवलं.
काही नाही.
पंजा ठेवला.
शेजारच्या गोळ्यापाशी गेली. तिथंही काळोख.
'हें म्हाका वळखना,' म्हणाली आणि हसली,
रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रापुढे
हसत असेल तशी.

एकोणीस वर्षं काजूच्या कारखान्यात.
बियांच्या तेलानं भाजून भाजून
बोटांची टोकं काळी, गुळगुळीत,
रेघा गेलेल्या,
हातोहात फिरलेल्या नाण्यासारखी.

'उद्या बघ,' मी म्हणालो.
हे मी गिऱ्हाइकांना रोज म्हणतो.

रात्री आकडा उतरवत बसलो.
पस्तीस. अठ्ठावीस. वीस.
माझं बोट तिच्यासारखं व्हावं म्हणून
मेण चोपडून पाहिलं,
चिकटपट्टी गुंडाळून पाहिली.
लाज वाटली. काढून टाकली.
बारा.

सकाळी तिनं हात ठेवला.
उजळलं.
ती काही बोलली नाही.
हात उचलला, पुन्हा ठेवला,
भाकरीचा तवा तापला का बघावा तसा
उलट्या बोटांनीही एकदा.
मग झाडू घेतला. आधी बाकीचं गोदाम झाडलं,
हा कोपरा शेवटी.

पण बाराच्या हिशेबात
काय काय माणूस ठरलं!
पतंग. भिंतीतून सुटणारा मिठाचा ओलावा.
रखवालदाराचा फोन आला रात्री दोनला:
आत कोणी नाही, आणि पेटतायत.

आम्ही दोघं पायरीवर बसून पाहिलं.
खाडीवरून दमट हवा आत आली
तसा दाराजवळचा गोळा जागा झाला,
मग त्याच्या पुढचा,
मग मधले तीन सोडून एकदम कोपऱ्यातला.
'पुन्हा चाळीस करू का?'
एझिल्दाला खोकला आला.
बुडबुडेवाला गोळा विझत होता,
ती तिकडेच बघत होती.
'आसूं दी,' म्हणाली.

बिलात मी लिहिलं:
तांबे, तार, चिपा नग एकतीस.
खाली, आकडा बदलण्याची मजुरी.
तिच्यासमोरची जागा
अजून कोरी आहे.