पान उलटणारी

नाताळच्या सुटीतला शनिवार. तलावपाळीमागे
शाळेचा हॉल, आणि भिंतीवर मुलांच्या नाटकातला
पुठ्ठ्याचा तारा अजून लटकलेला, एकाच खिळ्यावर.
ठाण्याची थंडी ती कितीशी!
येऊरहून संध्याकाळी उतरते, जेवायच्या आत परत जाते.
तरी लोकांनी स्वेटर काढलेत,
पहिल्या चार रांगांना
डांबराच्या गोळ्यांचा वास.

मी कर्णिक. सहकारी बँकेत बत्तीस वर्षं कॅशियर.
यातलं मला ओ की ठो कळत नाही.
हिल्डा किणी माझ्या खालच्या मजल्यावरची. म्हणाली,
तुझ्या बोटांना कागद कळतो, तेवढं पुरे.
मी मान हलवली की उलट.
आणि बांगड्या नकोत.

म्हणून बांगड्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून,
आणि मी पियानोच्या डाव्या अंगाला, वीतभर मागे,
देवळाबाहेर चपला राखणाऱ्या माणसासारखी.

चेलोवाला दातांचा डॉक्टर. माजिवड्याहून रिक्षानं आला,
मागची सीट चेलोला दिली, स्वतः ड्रायव्हरला खेटून.
व्हायोलावाली मुलगी बारावीची, मोज्याला भोक.
टिपणिसांचा शार्दूल हनुवटीखाली रुमाल ठेवतो
आणि डोळे मिटतो. दुसऱ्या व्हायोलिनचं नाव
मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुरू झालं.
चेलो आधी माझ्या तळपायाला ऐकू आला,
मग खुर्चीला, मग कानांना.

पानांचे कोपरे तपकिरी, हाताळून मऊ,
बँकेत परत येणाऱ्या दहाच्या नोटांसारखे.
प्रत्येक उजव्या पानाखाली पेन्सिलीनं एकच शब्द:
उलट.
हे अक्षर मी ओळखते. सोसायटीच्या पावत्यांवर
वर्षानुवर्षं हेच होतं. ऑस्वल्डचं.
सत्तावीस वर्षं ही खुर्ची त्याची होती,
जूनपर्यंत.

संथ भाग आला.
हिल्डाची मान हलली, मी उलटलं,
आणि एकोणीसनंतर बावीस.

दोन पानं चिकटून गेली.
बत्तीस वर्षांत हे एकदाच झालं होतं,
दिवाळीच्या आदल्या दिवशी, शंभराची एक नोट जास्त,
पगारातून भरली, घरी सांगितलं नाही.
आता तोच घाम, कानामागून.
हात हवेत. मागे घेऊ? घेतला तर आवाज होईल.
कोणी खोकलं.

हिल्डाचे हात थांबले नाहीत.
ती पानाकडे बघतच नव्हती. ती बघत होती
पियानोच्या काळ्या लाकडात, जिथं
ट्यूबलाइट वाकडी दिसते.
समोर नव्हतं ते सगळं वाजवलं तिनं,
वीसही, एकवीसही, आणि व्हायोलिनं
तिच्या मागोमाग, जणू काही घडलंच नाही.

मग तिनं मान हलवली.
उलटायला काही उरलं नव्हतं.
तरी मी कोपरा उचलला, अर्ध्यावर आणला,
आणि परत ठेवला.

नंतर वर्गखोलीत, बुटक्या बाकांवर,
चहा आणि डब्यातले कुलकुल.
डॉक्टर चेलोला शाल पांघरत होता.
मी विचारलं, तुला सगळं पाठ आहे?
कधीचंच, म्हणाली.
मग मला कशाला बसवलंस?
तिनं कुलकुल तोडला. साखर ओठाला लागली, ती पुसली.
पान उलटताना, म्हणाली, गालाला वारा लागतो ना,
एवढासा.
आणि दुसरा कुलकुल घेतला.

मी रुमाल सोडला. सहा बांगड्यांतल्या पाच.
पर्स उलटी केली, बाकाखाली वाकले,
पुन्हा मोजल्या. पाच.
सोड गं, हिल्डा म्हणाली, सोमवारी शिपायाला विचारू.
बाहेर तळ्यावरून गार हवा येत होती, थोडीशीच.
हिशोब जुळला नव्हता,
आणि मी घरी गेले.