चार दिवे, पाणी नाही

किल्ली देताना उन्मेषशेट म्हणाला,
घर आहे हे, खोबरेकर, चाकांवरचं. जपून.
असेल घर. पण घरातलं घड्याळ
कुणी माठामागे टांगत नाही.

आता बघा. वेगाची तबकडी एकशे ऐंशीपर्यंत.
दाभोळ ते देवगड कुठे पळवू मी एकशे ऐंशी?
आमचं सगळं आयुष्य तीस ते साठमध्ये,
आणि तीस ते साठ नेमकं स्टिअरिंगच्या दांड्याआड.
मान वाकडी करावी तर वळण येतं,
वळण काढावं तर म्हैस.

डिझेलचा काटा आणि इंजिनाच्या तापाचा काटा
जुळे भाऊ, एका रंगाचे, एका मापाचे.
एक खाली उतरला की घाबरायचं,
दुसरा वर चढला की.
वेळणेश्वरच्या घाटीत मी चुकीच्या भावाला घाबरलो.

संध्याकाळचं तर विचारू नका.
दक्षिणेला निघालं की ऊन उजव्या खिडकीतून येतं
आणि काचेवर बसतं, पाय सोडून, आरामात.
पाच ते साडेसहा मला काही दिसत नाही:
ना वेग, ना डिझेल, ना ती लाल किटली,
जी पेटली म्हणजे ऑइल संपलं असं पुस्तकात लिहिलंय,
आणि पुस्तक पलंगाखालच्या खणात,
आणि पलंगावर पाहुणे.

अंधार पडला की सगळं उलट.
एक निळा ठिपका इतका जळतो
की समोरच्या काचेत, जयगडच्या बाजूला,
कुणाची तरी होडी दिसते.
दोनदा मी तिला हॉर्न दिला.
बायकोने शेवटी कपाळाची टिकली काढून त्यावर चिकटवली.
"अगो, पेटलो तर दिसाचो नाय," मी म्हटलं.
"पेटलेलोच आसा," ती म्हणाली, "चार म्हयने."

पण खरी गोष्ट पाण्याची.
पाण्याला हिरवे दिवे चार. चारही लागले की टाकी भरलेली.
कुणकेश्वरला सोलापूरचे निंबर्गीकाका
डोक्याला साबण लावून उभे, नळातून नुसती हवा,
आणि इथे चारही दिवे, त्रिपुरीच्या दीपमाळेसारखे.
समुद्र वीस पावलांवर गर्जत होता.
त्याचं काय करायचं, साबण फुटतो त्यात.
बाटलीतल्या पाण्याने अंघोळ घातली माणसाला,
वीस रुपयांची एक, अशा सात.

रात्री गाडीखाली शिरलो, बॅटरी दातात धरून.
तेव्हा उमगलं.
पाणी जोखणारं यंत्र टाकीच्या पुढच्या टोकाला,
नळाची नळी मागच्या.
आणि किनाऱ्यावर गाडी कुठेही लावा,
जमीन समुद्राकडेच उतरते.
शिवाय प्रत्येक पाहुणा सांगतो,
तोंड समुद्राकडे करा हं.
उरलंसुरलं चार तांबे पाणी पुढे जाऊन बसतं
आणि दिव्यांना वाटतं, भरपूर आहे.

ज्याने हे बसवलं त्याच्यावर रागावून काय होणार.
त्याचं गाव सपाट असेल.
त्याच्या टेबलावरची पेन्सिल
कधी गडगडत गेली नसेल.

सकाळी चिवारीची एक काठी तासली.
ट्रॉलरवर होतो तेव्हा डिझेल असंच मापायचो,
कोयत्याने पाडलेल्या खाचा, पाच,
पाचव्या खाचेच्या वर देवाला नमस्कार,
दुसरीच्या खाली बंदर गाठायचं.
गाडी सपाट जागी घेतली, झाकण उघडलं,
काठी सोडली, वर काढली.
दुसरीच्या बोटभर खाली.

निंबर्गीकाका चष्मा पुसत म्हणाले,
पण आत तर चारही लागलेत हो.
मी म्हटलं, काठी ओली बघा.
ते म्हणाले, कंपनीने लावलेत ना दिवे, काहीतरी असेल.
मी म्हटलं, काल रात्री काय होतं मग?
ते म्हणाले, काल वेगळं.
असं बराच वेळ चाललं.
तोवर खाऱ्या वाऱ्याने काठी कोरडी केली,
खाचांसकट.

पुन्हा बुडवली.