चार बावन्न

तार्तूत मार्चमध्येही नदी कडकच असते.
नवव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी,
माझा कॉम्प्युटर रात्रभर फोटोंच्या प्रती काढतो,
पाचला झोपतो,
आणि सकाळी उठतो तो तक्रार घेऊनच:
फाइल सिस्टिममध्ये चुका आढळल्या. दुरुस्त करू?
कर बाबा, मी म्हणतो.
तो करतो.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न,
जणू काल आमचं काही बोलणंच झालं नव्हतं.

डिस्कवर फार मोठं काही नाही.
एमायोगी नदीचा बर्फ कुठल्या वर्षी कधी फुटला,
एकतीस वर्षांच्या नोंदी, पुलावरून काढलेले फोटो,
एक पत्र, मसुदा सातवा, न पाठवलेलं.

दुरुस्ती होते तेव्हा काही फाइली नाव गमावून बसतात.
त्यांच्यासाठी एक वेगळं फोल्डर असतं, हरवलं-सापडलं.
कपाळावर नुसता आकडा.
मी एकेक उघडतो, ओळख पटवायला गेल्यासारखा:
हा अठ्ठ्याण्णवचा एप्रिल का?
हे पाणी तरी आपल्याच नदीचं ना?
पत्राचा अर्धा भाग सापडला.
नेमका तो अर्धा, ज्यात हवामानाबद्दल लिहिलं होतं.

एकदा तर यंत्राने परस्पर ठरवून टाकलं:
आता फक्त वाचायचं. लिहायचं नाही.
निवृत्त झालो तेव्हा जलमापन खात्यानेही
मला जवळपास हेच सांगितलं होतं,
फुलं देऊन.

दुकानातला राउनो म्हणाला, डिस्क म्हातारी झालीय.
एकसष्ट युरो मोजून नवी आणली.
तिसऱ्या दिवशी तीच चूक.
चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी;
जुनी डिस्क अजून चमच्यांच्या खणात आहे,
निर्दोष.
मग केबल बदलली. मग मेमरीची परीक्षा,
रात्रभर, आठ फेऱ्या, शून्य चुका.
माझी घेतली असती तर कळलं असतं.

शेवटी लॉग छापून काढला
आणि नदीची पातळी वाचायचो तसा वाचला.
काय मोडलं ते मागाहून बघू. आधी कधी मोडलं ते सांग.
चार बावन्न. चार बावन्न. चार एक्कावन्न.
शनिवारी काही नाही. रविवारी काही नाही.
चार बावन्न.

सोमवारी अंधारात बसून राहिलो.
छतावर लिफ्टची मोटर, रात्रभर गारठलेली,
दिवसातलं पहिलं ओझं उचलताना कण्हली.
दिवा पापणी लवावी तसा लवला.
डिस्क बोलली: टक्.
मी दार उघडलं.
शेजारची हेल्वे, हातात थर्मास, डोक्यावर लोकरी टोपी.
गावातली पहिली बस ती चालवते,
हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

"फेब्रुवारीत आठवडाभर तुम्ही इथे नव्हता," मी म्हणालो.
तिने लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं.
"बहिणीकडे गेले होते, पैदेला. तुम्हाला कुणी सांगितलं?"
आता काय सांगणार?

दोष पॉवर सप्लायचा निघाला.
आत दोन कपॅसिटर फुगलेले,
खराब झालेल्या डब्याचं झाकण फुगतं तसे.
एवढासा झटका त्यांना सोसवत नव्हता.
नवा बसवला. तेव्हापासून रोज सकाळी: चूक नाही.
चूक नाही. चूक नाही.
लॉगमध्ये आता कुणीच कुठे जात नाही.

तरी जाग येते चार पन्नासला.
मोटर कण्हते, दिवा लवतो, डिस्क गप्प.
मी कूस बदलतो.

काल मंगळवार. चार बावन्न झाले.
चार अठ्ठावन्न. छत शांत.
डिस्क फिरत होती, तिला काही म्हणायचं नव्हतं.
पाच वाजून दहा मिनिटांनी
सपाता अडकवून बाहेर आलो
आणि हेल्वेच्या दारावर बोटाने वाजवलं,
आधी हळू.
मग जरा जोरात.
आतून खोकल्याचा आवाज आला,
आणि बऱ्याच वेळाने कडीचा.