पाठपोट

बाईंकडे पैसे होते एकाच बाजूच्या छपाईचे.
पाठपोट छापलं तर हजारी सहाशे जास्त,
मी म्हटलं. त्यांनी पाकीट उघडून पाहिलं,
मिटलं. "पाठ छापा. पोटाचं बघू."

गाढव नाक्यावर माझं दुकान.
लग्न, वास्तुशांत, बारसं, तेराव्याची कार्डं,
आणि निवडणूक आली की हात जोडलेली माणसं.
किती उमेदवारांच्या मिशा मी काळ्या केल्यात.
हेमलता वायदंडे म्हणाल्या, पांढरे केस राहू देत,
तेवीस वर्षं डोस पाजायला टेकडी चढलेय,
लोक मला यांच्यावरूनच ओळखतात.
निशाणी शिडी.

मुद्दे चौदा. शंभर पानी वहीत
निळ्या शाईत लिहिलेले, लाल शाईत खोडलेले, पुन्हा निळ्यात.
एका पानात चौदा म्हणजे अक्षर आठ पॉइंटाचं,
आणि वर खिंडीपाड्यात निम्म्या डोळ्यांत मोतीबिंदू.
"कमी करावे लागतील."
त्या स्टुलावर बसल्या. चहा आला,
साय धरली तरी तसाच राहिला.

पाणी गेलं, गटार गेलं.
ती पालिकेची कामं, मी आमदारकीला उभी आहे,
खोटं कशाला छापू?
सोबतच्या पोरानं कपाळाला हात लावला.
डोंगरउताराला संरक्षक भिंत राहिली,
त्यातलं 'पावसाळ्यापूर्वी' ठळक करा म्हणाल्या.
घरकामगारांच्या मंडळात खरेखुरे पैसे. राहिलं.
झाडूवाल्यांची कंत्राटं मोडून त्यांना कायम करणं.
रात्रशाळेचं अनुदान, त्यावर जरा घुटमळल्या, राहिलं.

मग नववा.
पुनर्वसनाच्या यादीत पोटभाडेकरूंचीही नोंद.
पोरगा म्हणाला, ताई, मतं घरमालकांची,
पोटभाडेकरूंची नावं अजून गावाकडच्या यादीत.
हा काढा, बाकीचे मोठ्या अक्षरात बसतील.
मी माउस हलवत राहिलो.
माझ्या पोटमाळ्यावर भागवत राहतो,
जिंतूरचा, पार्सलं पोचवतो, बायको आणि रांगती मुलगी.
साडेसहा हजार, रोख, दर पाच तारखेला.
कागद नाही.

बाईंनी वही उलटसुलट चाळली.
मग माझंच लाल पेन घेऊन बारावा खोडला,
आरोग्य सेविकांना निवृत्तिवेतन.
रेघ जरा वाकडी गेली.
"आता बसेल नववा?"
बसला.

तळाशी मुद्रकाचं नाव घालावं लागतं, कायदाच आहे.
ते मी सहा पॉइंटात घातलं.
एरवी दुकानाचा फोन नंबरही घुसडतो मी.

दोन हजार प्रती टेकडीवर गेल्या.
काही भज्यांखाली गेल्या, ते ओघानं आलंच.
काहींच्या कोऱ्या बाजूवर दुधाचे हिशेब,
कुणाचा भागाकार, बाकी चुकलेली.
किराणावाल्यानं दाराला चिकटवली होती एक, उलटी,
वर स्केच पेननं: नळ ३.४० ते ४.१०.
कापलेलं पाणी असं मागच्या दारानं आलं.

पाच तारखेला भागवत खाली उतरला.
पैसे दिले, थुंकी लावून मोजून, नेहमीसारखे.
गेला नाही.
खिशातून चौघडी कागद काढला,
उलगडला, उलटा केला,
कोरी बाजू वर करून काउंटरवर ठेवला
आणि माझ्याच डब्यातलं पेन त्याच्यावर आडवं.
बोलला काहीच नाही.
माळ्यावर मुलगी रडत होती. मशीन चालू होतं.
मी म्हटलं, शाई वाळलीय बहुतेक याची.
त्यानं दुसरं पेन दिलं.
तारीख तेवढी घातली मी,
आणि बराच वेळ
तारखेकडेच बघत बसलो.