पाठमोरा

ओगलालाहून तल्सा दहा तासांवर.
वाटेत दोनदा डिझेल, एकदा भांडण.
भांडण मोटेलवरून: एकशे एकोणचाळीस डॉलर,
आणि सकाळी एकाच वाफल-यंत्रापुढे
चाळीस टोप्यांची रांग,
टोपीखाली प्रत्येकाचा बाप.

मी शेतातली पाणी फिरवणारी यंत्रं दुरुस्त करतो.
गिअरबॉक्सचा नुसता आवाज ऐकून सांगतो
हा ऑगस्ट काढेल की नाही.
पण 'आम्ही लक्ष ठेवून आहोत'
या वाक्याला कान लावून तीन वर्षं बसलोय,
आत काय झिजलंय, कळत नाही.

पत्रं येतात. छापील, गुळगुळीत.
'प्रिय ट्रेव्हर, तुझा खेळ आम्हाला भावला,
आमच्या शिबिरात ये, फी तीनशे पंचाहत्तर.'
माझ्या मुलाचं नाव ट्रेंट.
मार्लाने तेही पत्र फ्रीजवर लावलं,
नावावर लोहचुंबक ठेवून.

पोस्टातला आर्लिस विचारतो,
'मग, शिकणं फुकट ना आता?'
त्याला काय सांगू,
की एक शिष्यवृत्ती पावासारखी कापतात,
कडेचा तुकडा आला तर पुस्तकं निघतात.
की कॉलेजं आता कॉलेजांतूनच माणसं उचलतात,
तेविशीतली, दाढीवाली, तयार.
सतरा वर्षांच्या पोराने वाढायचं
ते कोणाच्या खर्चाने?
मी म्हणतो, 'बघू. चाललंय.'

शनिवारी चार नंबरच्या मैदानावर
एकदम तीस माणसं आली, तीस स्पीडगन घेऊन,
आणि जाळीमागे बसली, बरोबर ट्रेंटच्या पाठीशी.
मार्लाने माझा दंड धरला.
मग मला दिसलं.
गन त्याच्या खांद्यावरून पलीकडे रोखलेल्या होत्या,
टेकाडावरच्या त्या उंच मुलावर,
एमेट कुणीतरी, अर्कान्सासचा.
आमचा कॅचर.
जगातल्या सगळ्या नजरा त्याच्या दिशेने,
आणि त्याच्यावर एकही नाही.

सात डाव मी त्याची पाठ पाहिली.
घामाने आधी मणका भिजला, मग आकडा.
बसला, उठला, बसला.
मातीत गेलेला चेंडू छातीवर घेतला,
धूळ झटकून परत फेकला, हळूच,
जणू चूक त्याचीच होती.
स्पीडगनवर त्र्याण्णव आलं की
माणसं वहीत लिहीत.
ग्लोव्हचा तो टण्ण आवाज कोणी लिहिला नाही.
तो कसा काढायचा, ते पोरगं गॅरेजमध्ये शिकलंय,
मी फेकायचो, नऊ वर्षांचं असल्यापासून.
आता मी फेकलेलं त्याला पोचत नाही.

खेळ संपला. माणसं एमेटच्या बापाकडे गेली.
माझ्याशी एकजण बोलला:
बर्फाची पेटी सरकवता का, म्हणाला.
सरकवली.

परतताना ट्रेंटच्या गुडघ्यांवर
पंपावरून घेतलेला बर्फ.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला,
'त्याचा कर्व्ह आज पडतच नव्हता, पप्पा.
दुसऱ्या डावातच कळलं मला.
पुन्हा मागितलाच नाही.
कोणाला कळलंसुद्धा नाही.'
आणि हसला, खरंच हसला.
खोटं हसताना तो आईसारखा ओठ चावतो,
तसं काही नव्हतं.

तीस माणसं, तीस यंत्रं,
आणि एक पोरगं दुसऱ्याचं उणं
दोन हातांत झाकून बसलेलं,
त्यांच्या नाकासमोर.
हे मी कोणाला ईमेल करू?
व्हिडिओत कसं दाखवू, जे त्याने होऊच दिलं नाही?

सलायनाजवळ तो झोपला.
बर्फाचं पाणी चटईवर ठिबकत होतं.
पुढच्या आठवड्यात डेन्व्हर, फी अडीचशे.
मार्ला विचारेल.
थांबून पिशवी काढावी असं वाटलं,
पण गाडी थांबली की तो जागा होतो,
लहानपणापासूनच.